जुन्या जीपचं ढिलं स्टिअरिंग घरच्या घरी: टायरॉड एंड आणि ड्रॅग लिंक बदलताना

जुनी जीप घरी आली की पहिल्याच फेरीत बाजूला बसलेला कुणीतरी सांगतो, "स्टिअरिंगला प्ले आहे, बॉक्स टाइट करून घे." प्ले म्हणजे चाकं न वळता स्टिअरिंग नुसतं हलणं, बॉक्स म्हणजे स्टिअरिंगची गिअरपेटी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठंही जा, सल्ला हाच. बॉक्सवरचा स्क्रू फिरवायला पाच मिनिटं लागतात आणि फरक लगेच हाताला कळतो, म्हणून गॅरेजवाल्यालाही हा उपाय आवडतो आणि गिऱ्हाइकालाही. पण बहुतेक वेळा दोष बॉक्समध्ये नसतोच. तो असतो खाली, चिखलात लोळणाऱ्या बॉल जॉइंटांत, म्हणजे दांड्यांच्या टोकांवरच्या गोळ्याच्या सांध्यांत. ते तसेच ठेवून बॉक्स आवळला तर ढिलेपणा झाकला जातो, जात नाही. वर बॉक्स मधोमध अडकायला लागतो, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि आतले दाते लवकर झिजतात.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी जॉइंट, मग किंग पिन (जिच्यावर चाक डावीकडं-उजवीकडं वळतं ती) आणि चाकाच्या बेरिंगा, आणि बॉक्स सगळ्यात शेवटी.

हा लेख पुढं ठोस अ‍ॅक्सल आणि पाटे असलेल्या गाड्यांसाठी आहे: महिंद्राच्या जुन्या सीजे, एमएम ५४०, मेजर, कमांडर आणि मारुतीची जिप्सी. थारच्या सीआरडीई मॉडेलची पुढची चाकं स्वतंत्र आहेत, तिचं गणित वेगळं. इथलं बरंचसं तिला लागू पडणार नाही.

काय कशाला जोडलंय

पाने काढायच्या आधी एकदा गाडीखाली आडवं पडून नुसतं बघा. स्टिअरिंग बॉक्समधून एक जाड आर्म खाली येतो, तो पिटमन आर्म. त्याला जोडलेली दांडी म्हणजे ड्रॅग लिंक. जिप्सीत ही ड्रॅग लिंक चाकाच्या नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या तुकड्याच्या) आर्मला जाऊन भिडते आणि दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवणारी आडवी दांडी वेगळी असते, ती टायरॉड. दांडीच्या टोकात आट्यांवर फिरवून बसवलेला बॉल जॉइंट म्हणजे एंड. जुन्या विलिस घराण्यातल्या, म्हणजे मूळ जीपच्या वंशातल्या, गाड्यांत मध्ये आणखी एक पाहुणा असतो, बेल क्रँक. पुढच्या क्रॉस मेंबरवर एका पिनेवर फिरणारा हा तुकडा ड्रॅग लिंकची मागं-पुढं होणारी हालचाल आडवी करतो आणि पुढं टायरॉडला देतो. तुमच्या गाडीला बेल क्रँक असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: टायरॉडचे सगळे एंड नवे टाकूनही स्टिअरिंग ढिलंच राहिलं तर बहुतेक गुन्हेगार ती पिन आणि तिची बेरिंग असते. लोक तिच्याकडं बघतच नाहीत, कारण ती रेडिएटरखाली ग्रीस-मातीच्या थराआड दडलेली असते.

जिप्सीला आणखी एक स्टिअरिंग डँपर असतो, छोट्या शॉकअपसारखा दिसणारा. चाकं थरथरतात म्हणून नुसता डँपर बदलणं ही बॉक्स आवळण्याचीच दुसरी आवृत्ती आहे. डँपर थरथर दाबतो, तिचं कारण काढत नाही.

ढिला जॉइंट कसा पकडायचा

सगळ्या कामातला खरा भाग हाच. पाना चालवायला कुणीही शिकतं. कोणता जॉइंट गेलाय हे ओळखता आलं तर पैसेही वाचतात आणि रविवारही.

गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी. जॅक लावायचा नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, इंजिन बंद ठेवा, पॉवर स्टिअरिंग बसवून घेतलं असेल तरच इंजिन चालू. घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवा आणि स्टिअरिंग डावीकडं-उजवीकडं फक्त चार बोटं हलवायला सांगा, चाक वळेल इतकं नाही. तुम्ही खाली पडून एकेका जॉइंटवर बोट ठेवा, अर्धं बोट दांडीवर आणि अर्धं ज्या आर्मला ती जोडली आहे त्यावर. चांगला जॉइंट असेल तर दोन्ही एकदमच हलतात. गेलेला असेल तर दांडी आधी हलते, आर्म मागून येतो आणि मध्ये बोटाला एक बारीक "टक" लागते. डोळ्यांना न दिसणारा प्लेही बोटाला कळतो. टक् आवाज मात्र फसवा असतो, चासीतून फिरून भलतीकडून आल्यासारखा वाटतो. बोटावर विश्वास ठेवा.

बॉक्सपासून सुरुवात करून चाकापर्यंत जा. बॉक्स चासीला धरून ठेवणारे बोल्टही हात लावून बघा. आणि बॉक्सभोवतीची चासी. जंगलात वापरलेल्या जीपांत तिथं चासीला बारीक तडा गेलेला असू शकतो. बोल्ट घट्ट, तरी स्टिअरिंग फिरवताना बॉक्सच हलतो, असं दिसलं तर बाकीचं काम थांबवा. आधी वेल्डर.

मग पुढचा अ‍ॅक्सल उचलून दोन्ही चाकं जमिनीपासून सुटी करा (कशी, ते खाली येतंय). चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. प्ले लागला तर बघा, टायरॉडचा जॉइंट हलतोय का. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. इथं प्ले असेल तर तो टायरॉडचा नव्हे, किंग पिनचा किंवा चाकाच्या बेरिंगचा. दोघांत फरक करायची युक्ती सोपी आहे. आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर बेरिंग ढिली. ब्रेक दाबूनही तसाच राहिला तर किंग पिन.

किंग पिनचं काम या लेखात नाही. शिम (पातळ चकत्या) लावून बेरिंगचा दाब बसवावा लागतो आणि पहिल्यांदाच करणाऱ्यानं ते कुणा जाणत्याला शेजारी घेऊन केलेलं बरं. पण ती गेली आहे हे कळल्याशिवाय नव्या टायरॉड एंडांवर पैसे घालू नका.

आमच्याकडं बॉल जॉइंट मरतो तो किलोमीटरनं नव्हे, मातीनं. त्याच्या गळ्याला रबरी टोपी असते, बूट म्हणतात तिला. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर फिरलेल्या गाडीचा बूट एकदा फाटला की आत तांबडी माती आणि पाणी शिरतं. वरून ग्रीस भरलेलं दिसतं, पण बोटानं थोडं बाहेर काढून चोळलं की काळपट तांबडा लगदा हाताला करकरतो. तो पुसला की पिनेच्या मानेवर गंजाची गोल रेघ दिसते. असा जॉइंट आज प्ले दाखवत नसला तरी यादीत घालायचा. चिक्कोडी, निपाणीकडच्या काळ्या मातीत वेगळीच तऱ्हा. ऊसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकोऱ्यांतून जाताना चिखल टायरॉडवर थापला जातो, सुकून घट्ट होतो आणि पुढच्या वळणाला बूट ओढून फाडतो. तिथं गाडी चालवत असाल तर चिखल ओला असतानाच धुऊन काढायची सवय लावून घ्या.

सामान घेताना

जुना भाग सोबत न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणं आणि आधीच्या मालकाच्या हौसेप्रमाणं वेगवेगळे एंड बसलेले असतात. लष्करातून लिलावात निघालेली जिप्सी घेतली असेल तर हे आणखी खरं. पिनेचा टेपर (निमुळता उतार), आट्यांची जाडी आणि एंडची लांबी, तिन्ही जुन्याशी लावून बघा. टेपर तपासायचा असेल तर नवी पिन जुन्या आर्मच्या भोकात नुसती हातानं बसवा. ती हलता कामा नये आणि आटे भोकाच्या पार वर यायला नकोत. नट आवळल्यावर खाली ओढून घ्यायला जागा राहिली पाहिजे.

टायरॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला डावे, म्हणजे दांडी फिरवली की दोन्ही एंड एकदम बाहेर किंवा आत सरकतात. दुकानात "डावा एंड द्या" म्हणालात तर काउंटरवरचा पोरगा गाडीच्या डाव्या बाजूचा देईल, तुम्हाला हवा असेल डाव्या आट्यांचा. दोन्ही एकच असतात असं नाही. "उलट्या आट्यांचा" म्हणा आणि दुकानातच जुन्या दांडीत दोन फेरे फिरवून बघा.

बेळगाव शहरात जुन्या महिंद्राचे सुटे भाग मिळतात. नाही मिळाले तर कोल्हापूर लांब नाही. जिप्सीचं उत्पादन थांबलं असलं तरी स्टिअरिंगचे भाग अजून अडलेले नाहीत. स्वस्त, बिननावाचा एंड घेण्यात मला अर्थ वाटत नाही. राणे मद्रास ही कंपनी हेच भाग बनवते, किंवा गाडीच्या कंपनीचे मूळ भाग घ्या. एक एंड गेला असेल तर एकच बदलावा की सगळे? टायरॉड आणि ड्रॅग लिंकचे सगळे एंड एकाच वेळी टाकावेत असं माझं मत. ते सारख्याच चिखलातून आलेले असतात आणि टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल) पुन्हा बसवण्याची कटकट एकदाच होते. पिटमन आर्म मात्र उगाच काढू नका. तो दात्यांवर घट्ट बसलेला असतो आणि मोठ्या पुलरशिवाय सुटत नाही. त्यावर घण घातला तर धक्का थेट बॉक्सच्या बेरिंगला बसतो.

सोबत नव्या स्प्लिट पिना घ्या, हव्यात त्यापेक्षा चार जास्त. जुनी पिन सरळ करून परत घालणं बंद.

बाकी हत्यारं: जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), रिंग पाने आणि फिक्स पाने, दोन हातोडे (एक जड), बॉल जॉइंटचा पुलर, नाकाडी पक्कड, तारेचा ब्रश, ग्रीस गन, मोजपट्टी, खडू, आणि गवंड्याचा ओळंबा. टॉर्क पाना विकत घ्यायची गरज नाही, उद्यमबागेत काम करणारा एखादा मित्र असेल तर एका दिवसापुरता मागून आणा.

गाडी उचलताना

अंगणातल्या तांबड्या मातीवर जॅक थेट लावला तर तो तिरका रुततो. खाली जाड लाकडी फळी घ्या, फरशी नको, ती तडकते. हँडब्रेकवर विसंबू नका. कित्येक जुन्या जीपांत आणि जिप्सीतही तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. मागच्या चाकांना ठोकळे लावलेच पाहिजेत.

अ‍ॅक्सलच्या नळीखाली, दोन्ही बाजूंना पाट्यांच्या जवळ घोड्या लावा. चासीखाली लावू नका. अ‍ॅक्सलवर वजन राहिलं की पाटे नेहमीसारखे दबलेले राहतात आणि दांड्यांचे कोनही. घोड्या लावल्यावर गाडीला खांद्यानं जोरात धक्का द्या. हलली तर खाली जायचं नाही. घोडी नाही म्हणून जांभ्याचे चिरे रचून त्यावर गाडी ठेवलेली मी पाहिली आहे. चिरा दाबाखाली कधी फुटेल याचा भरवसा नसतो, आणि तो फुटतो तेव्हा आधी सांगत नाही. दोन घोड्या भाड्यानं मिळतात. नसतील तर काम पुढच्या रविवारी.

जुने एंड काढणं

आदल्या रात्री सगळ्या आट्यांवर डब्ल्यूडी-४० किंवा तसलंच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी तारेच्या ब्रशनं आटे साफ करा.

मग लगेच पाना उचलू नका, आधी मोजा. टायरॉडच्या एका एंडच्या पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या एंडच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. ड्रॅग लिंकचंही तसंच. लॉकनट किंवा क्लँप कुठं होता तिथं रंगाची खूण करा. नंतर एंड बाहेर काढताना किती फेरे बसले तेही लिहा. नवा एंड जुन्याइतकाच लांब असेल असं नाही, म्हणून फेऱ्यांपेक्षा मिलिमीटरचा आकडा खरा. पण दोन्ही असलेले बरे.

लॉकनट किंवा क्लँप एंड जागेवर असतानाच सैल करा. एंड सुटल्यावर दांडी हातात फिरते आणि जोर लावता येत नाही.

आता कॅसल नट, मुकुटासारख्या खाचांचा नट. त्याची स्प्लिट पिन ओढून काढा, तुटली तर बारीक पंचनं ठोकून काढा. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. त्याचा वरचा कडा पिनेच्या टोकाशी समपातळीत आणा, म्हणजे टेपर सुटला तरी दांडी डोक्यावर पडणार नाही आणि चुकून फटका बसला तरी पिनेचे आटे वाचतील.

टेपर सोडवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पुलर. तो सरळ लावा, आवळा, ताण बसला की आर्मच्या बाजूला हातोड्याचा एक फटका द्या. फट्‌ असा आवाज होतो आणि दांडी खाली येते. पुलर नसेल तर दोन हातोडे: एक जड हातोडा आर्मच्या एका बाजूला टेकवून धरा आणि दुसऱ्यानं समोरच्या बाजूला जोरात मारा. मारायचं ते आर्मच्या कड्यावर, म्हणजे पिन ज्या भोकात बसली आहे त्याच्या भिंतीवर. पिनेच्या टोकावर मारून काही होत नाही, आटे तेवढे चपटे होतात. दोन दातांचा काट्यासारखा पुलर गॅरेजात असतो, तो लवकर काम करतो पण बूट फाडतो. एंड फेकायचाच असेल तरच तो वापरा. गॅसचा बर्नर लावून तापवू नका, खास करून नकलच्या आर्मला. ते लोखंड कडक केलेलं असतं, तापलं की मऊ होतं आणि पुढं कधीतरी वाकतं.

पिन फिरत राहिली आणि नट सुटेना असं झालं तर दांडीखाली छोटा जॅक लावून वर दाबा. टेपर भोकात घट्ट बसतो आणि पिन फिरायची थांबते.

नवे एंड बसवणं

आर्मच्या टेपर भोकाची आतली बाजू कोरड्या फडक्यानं चकचकीत पुसा. तिथं ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. भोक लांबट झालेलं दिसलं, किंवा नवी पिन हातानं बसवल्यावर हलली, तर नुसता एंड बदलून उपयोग नाही, आर्म बदलावा लागेल. ही गोष्ट नट जास्त आवळून झाकता येत नाही.

दांडीच्या आतल्या आट्यांना थोडं ग्रीस लावा, पुढं अलाइनमेंटला गेल्यावर ती दांडी पुन्हा फिरवायची आहे. मोजलेल्या आकड्यापर्यंत दोन्ही एंड सारखेच आत फिरवा. एका बाजूला खूप आत आणि दुसरीकडं जेमतेम चार आटे, असं कधीही नको.

पिन भोकात घाला, नट लावा आणि पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळा. जुन्या जीपचं मॅन्युअल नसेल तर त्याची प्रत गाडीच्या जाणकार मालकांकडून मिळते, ती मिळवूनच काम सुरू करा. टॉर्क लागला आणि नटाची खाच पिनेच्या भोकासमोर आली नाही तर नट आणखी पुढं आवळून खाच जुळवायची. मागं सैल करून जुळवायची नाही, कधीच. नवी स्प्लिट पिन घाला, एक पाय पिनेच्या टोकावर वाकवा, दुसरा खाली, आणि लांब उरलेलं टोक कापून टाका, नाहीतर पुढच्या वेळी हात कापेल.

विलिस पद्धतीच्या जुन्या ड्रॅग लिंकमध्ये वेगळा एंड नसतो. दांडीच्या टोकात बॉलच्या दोन्ही बाजूंना दोन वाट्या, एक स्प्रिंग आणि वर आट्यांचा प्लग असतो. झिजतात त्या वाट्या आणि स्प्रिंग. त्या काढून स्वच्छ करा, झिजल्या असतील तर बदला, ग्रीस लावून त्याच क्रमानं परत घाला (काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, क्रम चुकतो). प्लग बॉलवर घट्ट बसेपर्यंत आवळा, मग अर्धा ते एक फेरा सैल करा आणि स्प्लिट पिन घाला. पूर्ण आवळून ठेवला तर बॉल जाम होतो आणि स्टिअरिंग जड येतं.

क्लँप आवळायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा. टायरॉडच्या दोन्ही टोकांचे एंड एकाच पातळीत असले पाहिजेत. एक पुढं झुकलेला आणि दुसरा मागं, असं झालं तर दांडीला फिरायला जागा राहत नाही आणि पूर्ण वळणावर जॉइंट अडकतो. दोन्ही एंड सारखे करून मगच क्लँप किंवा लॉकनट घट्ट करा. क्लँपचा बोल्ट पाट्यांना किंवा अ‍ॅक्सलला घासत नाही ना, तेही बघा.

ग्रीसचा निपल असेल तर बूट किंचित फुगेपर्यंत ग्रीस भरा. तो फुटेस्तोवर नाही.

टो बसवणं

इथपर्यंत मजा होती, आता संयम. चाकांचा टो म्हणजे वरून बघताना दोन्ही पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. टो चुकीचा राहिला तर नवी टायरं बेळगाव ते गोवा अशा काही फेऱ्यांतच कडेनं घासून निघतात आणि गाडी महामार्गावर इकडं-तिकडं ओढते.

गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीन मीटर पुढं ढकला म्हणजे पाटे आणि टायर मोकळे होतील. स्टिअरिंग सरळ. दोन्ही पुढच्या टायरांवर मधोमध खडूची रेघ हवी. ती ओढायला गाडी उचललेली असतानाच चाक फिरवत खडू टेकवा आणि नंतर त्याच रेघेवर खिळ्यानं बारीक खूण करा. नुसत्या नक्षीच्या खाचांवरून मोजू नका, त्या सरळ नसतात.

आता चाकाच्या मध्याच्या उंचीला, चाकाच्या पुढच्या बाजूला दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग गाडी अर्धा फेरा पुढं ढकला म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला येतील, आणि पुन्हा मोजा. मागं मोजपट्टी सरळ ओढता येत नाही, मध्ये इंजिन आणि अ‍ॅक्सल येतो. तिथं ओळंबा उपयोगी पडतो. खुणेवरून सोडा, जमिनीवर खूण करा आणि जमिनीवरच अंतर मोजा. पुढच्या बाजूलाही ओळंब्यानंच मोजलं तर दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे होतात. पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी असलं म्हणजे टो-इन. आकडा पुस्तकातला पाळा. जुन्या जीपला आणि जिप्सीला मी सुरुवातीला २ मिमीच्या आसपास ठेवतो.

कमी-जास्त करायचं असेल तर दांडी फिरवा, पण कुठल्या दिशेला? हे टायरॉड कुठं आहे त्यावर ठरतं. टायरॉड अ‍ॅक्सलच्या मागं असेल तर ती लांब केल्यावर चाकांच्या मागच्या बाजू फाकतात आणि टो-इन वाढतो. अ‍ॅक्सलच्या पुढं असेल तर उलटं, लांब केली की टो-इन कमी होतो. हे डोक्यात पक्कं नसेल तर आधी पाव फेरा फिरवून मोजा, मग पुढं जा. प्रत्येक बदलानंतर गाडी पुन्हा पुढं ढकलायची, मागं नाही.

स्टिअरिंग व्हील वाकडं राहिलं तर ते काढून दुसऱ्या दात्यावर बसवायचा मोह होतो. तसं करू नका. बॉक्सचे दाते मधोमध सगळ्यात घट्ट असतात. चाकं सरळ असताना बॉक्सही मध्यावरच असला पाहिजे. स्टिअरिंग एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला फिरवून एकूण फेरे मोजा, त्याच्या निम्म्यावर आणा, आणि मग ड्रॅग लिंकची लांबी बदलून चाकं सरळ करा. व्हीलला हात लावायची गरज पडत नाही. बेल क्रँकच्या गाडीत आर्मचे कोनही एकदा बघून घ्या.

घरचं मोजमाप झाल्यावर शहरातल्या मशीनवर एकदा तपासून घ्या, मोजणीचा कागदही मागा. मात्र तिथं "कॅम्बर सेटिंग"चे वेगळे पैसे मागितले तर विचारा कसं करणार. ठोस अ‍ॅक्सलच्या गाडीत सुटसुटीत बदलता येतो तो टो. कॅम्बरला, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या झुकावाला, स्क्रू नसतो, तो बिघडला असेल तर किंग पिन झिजली आहे किंवा अ‍ॅक्सल वाकलाय.

रस्त्यावर न्यायच्या आधी

चाकं जमिनीवर असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि कुणाला तरी खालून बघायला सांगा. दांडी कुठं घासते का, ब्रेकची नळी कुठं ओढली जाते का, जॉइंट कुठं अडतो का. प्रत्येक कॅसल नटाला स्प्लिट पिन आहे हे बोट लावून मोजा, डोळ्यांनी नाही. चाकांचे नट पुन्हा आवळा.

पहिली फेरी घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, तीस-चाळीसच्या वेगानं. हलक्या हातानं धरून स्टिअरिंग सोडल्यासारखं करा, गाडी सरळ जाते का बघा. वळण घेऊन स्टिअरिंग सैल धरा, ते आपणहून परत आलं पाहिजे. आलं नाही तर बॉक्स कुणीतरी आधीच आवळून ठेवलाय. आता, सगळे जॉइंट घट्ट झाल्यावर, बॉक्सकडं वळायचं. लॉकनट सोडून स्क्रू थोडा सैल करा आणि मध्यावर प्ले किती उरतो ते बघा. पुष्कळदा इथं सैलच करावा लागतो. जॉइंट नवे, किंग पिन चांगली, तरीही मध्यावर दोन-तीन बोटं प्ले उरतो, तर मग बॉक्स खरंच झिजलाय, तो उघडायला जाणत्याकडं द्या.

ठरावीक वेगाला पुढची चाकं नाचायला लागली आणि स्टिअरिंग दोन्ही हातांत थरथरायला लागलं तर घाबरून जोरात ब्रेक मारू नका. वेग हळूहळू कमी करा, थांबा. टायरातली हवा, चाकाचं बॅलन्सिंग, किंग पिनचा दाब, पाट्यांचे शॅकल बुश (टोकांच्या सांध्यांतली अस्तरं), याच क्रमानं बघत जा. मोठी टायरं बसवलेल्या गाडीत हे जास्त होतं.

पंधरा वर्षं झालेली गाडी नूतनीकरणासाठी आरटीओला दाखवावी लागते, आणि तिथून पुढं दर पाच वर्षांनी. बेळगावला केए २२, चिक्कोडीला केए २३. स्टिअरिंगचं काम त्याच्या आधी उरकलेलं बरं. सीमेपलीकडून, चंदगड-गडहिंग्लजकडून एमएच ०९ ची गाडी घेऊन इकडं कायम ठेवणार असाल तर बारा महिन्यांच्या आत इकडचा नंबर घ्यावा लागतो, तेव्हाही हीच तपासणी आहे.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा खाली पडून सगळे नट, क्लँप आणि स्प्लिट पिना बघा. टो पुन्हा एकदा मोजा. नवे भाग थोडे बसतात आणि आकडा सरकू शकतो. त्यानंतर पावसाळ्यात ओढ्यातून किंवा शेताच्या चिखलातून गाडी गेली की त्याच आठवड्यात ग्रीस गन लावा आणि जुनं ग्रीस बूटच्या कडेनं बाहेर येईपर्यंत नवं भरा. बाहेर आलेलं ग्रीस तांबडं दिसलं तर स्वच्छ येईपर्यंत भरत राहा, आणि कोणता बूट आहे त्याची खूण करून ठेवा. पुढच्या वेळी सगळ्यात आधी तोच तपासायचा आहे.